उतारावरची बंडी

यंदा कापूस लवकर फुटला. दिवाळीला आठ दिवस झाले नाहीत, तोच अडाण नदीच्या दोन्ही काठांची वावरं पांढरी झाली. सकाळी शाळेत निघते तेव्हा पऱ्हाटीवर दव असतं. ओला कापूस वेचता येत नाही, म्हणून बाया बांधावर काड्या पेटवून उन्हाची वाट पाहत बसलेल्या असतात. कमरेच्या ओट्या अजून रिकाम्या, चपट्या असतात. मला पाहून कुणीतरी हाक मारते, "बाई, या ना शेकाले!" उशीर होतो, असं सांगून मी पुढे जाते. खरं कारण वेगळं आहे. या दिवसांत मला कापसाजवळ उभं राहवत नाही.

हे दिवस सगळ्यांना वर्षातले सगळ्यात चांगले वाटतात. तुरीच्या शेंगा भरलेल्या असतात, बोरीला बोरं लागलेली असतात, दुपारचं ऊनही अंगाला बोचत नाही. बोरी अरबच्या बाजारात नवी लुगडी येतात. रस्त्यानं कापसाच्या बैलबंड्यांची रांग चालू असते, आणि वाकलेल्या बाभळींच्या काट्यांना प्रत्येक बंडी थोडा थोडा कापूस देऊन जाते. पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या चाकांचा आवाज येतो. लांबून येतो, जवळ येतो, घरावरून जातो. घरातली सगळी त्या आवाजानं जागी होतात. मी मात्र आधीपासूनच जागी असते, आणि ती बंडी थांबू नये, कुठंही थांबू नये, एवढंच मनात घोकत असते.

कारण सात वर्षांपूर्वी एक बंडी थांबली होती.

माझा भाऊ देविदास माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. आम्ही त्याला दादा म्हणतो. बाप आम्हाला फारसा आठवत नाही. मायनं दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचून, निंदण करून आम्हाला वाढवलं. तिच्या बोटांच्या टोकांना बोंडांच्या टोकदार पाकळ्यांनी कायमच्या चिरा पडलेल्या असत, आणि मीठ हातात घेतलं की ती डोळे मिटून घेई. दादा फायनल पास झाला तेव्हा वस्तीत तेवढं शिकलेला तो पहिलाच. नागपूरला दीक्षा झाली, आम्ही बौद्ध झालो, जुन्या देवांच्या तसबिरी नदीला गेल्या, आणि त्याच सुमारास त्याला नोकरी लागली. नदीपलीकडच्या तांड्यावर नवी शाळा निघाली होती. तांडा बंजारा लोकांचा. त्यांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलखामुलखातून फिरायचे. आता ते शेती करत होते आणि मुलांनी शिकावं असं त्यांना वाटू लागलं होतं. दादा त्यांची बोली शिकला, त्यांच्या मुलांना आमची शिकवली. आईला ते लोक याडी म्हणतात. दादा घरी येऊन मायलाही याडी म्हणू लागला, आणि माय लटकंच रागवायची.

नोकरीबरोबर सायकल आली. जुनीच, पण दादानं ती नव्यासारखी ठेवली. मला इथं एक गोष्ट मुद्दाम लिहायची आहे, कारण पुढे लोक काहीबाही बोलले. दादा बेफिकीर नव्हता. ब्रेकचे रबर झिजायच्या आत तो बदलायचा. शनिवारी चेनला तेल द्यायचा. मागच्या मडगार्डला त्यानं लाल काच लावली होती आणि पुढे रॉकेलचा दिवा. घंटी वाजवल्याशिवाय तो कधी वळण घेत नसे. तांड्यावरची मुलं लांबून घंटी ऐकूनच ओळीत उभी राहत.

संध्याकाळी तो परत आला की वस्तीतली माणसं निंबाखाली जमत. कुणाचा मुलगा नागपूरच्या मिलमध्ये, कुणाचा जावई राजूरच्या खाणीत. त्यांची पत्रं दादा वाचून दाखवी. तीन दिवसांचा जुना पेपर कुठूनतरी आणून तो मोठ्यानं वाची. म्हातारी माणसं डोळे मिटून ऐकत. एखादं वाक्य आवडलं तर म्हणत, "आणखीन एकडाव वाच, मास्तर." आमच्या घरातल्या माणसाला आमचेच लोक मास्तर म्हणत. मी कंदिलाच्या काचा पुसत बसे आणि ऐकत राही.

त्या वर्षी मी फायनलला बसणार होते. फॉर्मवर बोरीच्या हेडमास्तरांची सही हवी होती, आणि ते रविवारी घरीच भेटत. म्हणून आम्ही रविवारी निघालो. मी मायचं धुतलेलं लुगडं नेसले होते. दादानं मला कॅरिअरवर बसवलं, पदर आवरायला लावला आणि म्हणाला, "पाय चाकापासून दूर ठेव. झोप येऊन राह्यली तं सांग, थांबू."

"मले कायले झोप येते? दिवस तं हाय."

सही मिळाली. हेडमास्तरांनी मला दोन-तीन प्रश्न विचारले आणि मान डोलावली. फॉर्म घडी घालून दादानं सदऱ्याच्या खिशात ठेवला. बाजारात त्यानं मला शेवेची पुडी घेऊन दिली. परत निघालो तेव्हा उन्हं कलली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वेचलेल्या आणि न वेचलेल्या पऱ्हाट्या, मधूनच ज्वारीचा पट्टा. अंगावर वारा येत होता. दादा मला निबंधाचे विषय विचारत होता.

"सायकलीवर आला तं काय लिहिशीन?"

"लिहीन का आमच्या दादाची सायकल त्याच्यापेक्षा हुशार हाय."

तो हसला. त्याची पाठ हलली ते मला अजून आठवतं.

नदीकडे उतार लागला. उताराच्या शेवटी वळण आहे आणि वळणाला दाट बाभळी. तिथंच मला आभाळात पाखरं दिसली. हिवाळ्यात लांबून कुठून तरी येतात ती, उंच, लांब मानेची. अशी माळच्या माळ मी कधी पाहिली नव्हती. त्यांचा आवाज खाली येत होता, जणू खूप माणसं एकदम हळू बोलत आहेत.

"दादा, वर पाह्य ना! केवढी पाखरं!"

"मले रस्ता पाहू दे, कौसे."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. तो बरोबर बोलला होता. रस्ता पाहणं हे त्याचं काम होतं आणि तो ते करत होता. पण मी सोळा-सतरा वर्षांची होते, फॉर्मवर सही झाली होती, हातात शेवेची पुडी होती. मी त्याच्या पाठीवर थाप मारली.

"एकडाव पाह्य ना रे! गेली मंग!"

त्यानं मान वळवून वर पाहिलं. घंटी वाजली नाही.

वळणावर कापसानं भरलेली बंडी उभी होती. तिच्या मागच्या बाजूला हातभर लाकूड बाहेर आलेलं होतं. दादाची मान माझ्याकडे वळलेली, त्यामुळे ते लाकूड त्याला समोरून लागलं नाही. डाव्या कानाच्या मागे लागलं. मी बाजूच्या चरात फेकली गेले. माझं फक्त कोपर खरचटलं. उठून पाहिलं तर दादा बंडीच्या चाकाशी पडला होता आणि दोन पावलांवर सोडलेले बैल कडबा खात होते. त्यांनी मान वर करूनही पाहिलं नाही.

ओढ्यातून एक माणूस धावत वर आला. एका हातात कुऱ्हाड, दुसऱ्या हातात बाभळीची अर्धी तासलेली खीळ. तांड्यावरचा हरसिंग. त्याच्या बंडीच्या चाकाची खीळ निसटली होती, ती नवी करायला तो खाली उतरला होता. त्याची थोरली मुलगी दादाच्या शाळेत होती.

"अरे देवा, हे तं आमचे मास्तर!" तो ओरडला. मग बंडीकडे पाहिलं, वळणाकडे पाहिलं, आणि हळू आवाजात म्हणाला, "मी मधातच उभी केली. मी मधातच उभी केली."

त्यानं कापसात हातांनी खड्डा केला आणि दादाला उचलून त्यात निजवलं. मला त्याच्या डोक्याशी बसवलं. खीळ ठोकली, बैल जुंपले, आणि भरलेली बंडी बोरीपर्यंत त्यानं बैलांबरोबर धावत नेली. कापूस ऊबदार होता, दिवसभराच्या उन्हानं तापलेला. मी दादाचं डोकं दोन्ही हातांनी धरून बसले होते, आणि माझ्या बोटांमधून तो कापूस लाल होत होता. जितकं दाबावं तितकं तो पीत होता.

बोरीत माणसं जमली. कुणीतरी ट्रक थांबवला. यवतमाळच्या दवाखान्यापर्यंत हरसिंग बरोबर आला. प्रत्येक जण विचारी, "कसं झालं?" मी तोंड उघडायच्या आत हरसिंग सांगे, "माही चूक हाय. बंडी वळणावर उभी होती." लोक त्याला नाही नाही ते बोलले. एकानं तर त्याची गचांडी धरली. तो मान खाली घालून उभा राहिला. माय आली, तिनं मला जवळ घेऊन विचारलं, "पोरी, तू पाह्यलं ना? असंच झालं ना?"

मी होकारार्थी मान हलवली.

आजवर मी खूप विचार केला आहे की अपघात नेमका कधी होतो. खीळ निसटली तेव्हा, बंडी वळणावर थांबली तेव्हा, की मी पाठीवर थाप मारली तेव्हा? त्यानंतर गावात सगळे शहाणे झाले. बंडीला मागून लाल फडकं बांधा, डबल सीट जाऊ नका, उतारावर पायडल मारू नका. सगळं खरं आहे, आणि मीही मुलांना वर्गात तेच शिकवते. पण रस्त्यावरच्या माणसाशी मागून बोलू नका, हे मला आजपर्यंत शिकवता आलेलं नाही. ते वाक्य तोंडाशी येतं आणि मी फळ्याकडे वळते.

आठ दिवसांनी दादानं डोळे उघडले. महिन्यानं घरी आला. चालत होता, जेवत होता, मायशी याडी म्हणून चेष्टा करत होता. उजवीकडून आलेलं माणूस त्याला चटकन दिसत नसे, दाराच्या उजव्या चौकटीला खांदा लागे. बाकी सगळं होतं तसं. वस्तीतली माणसं आनंदानं भेटायला आली. आमच्या शेजारच्या गंगामायनं मुलाचं आलेलं पत्र इतके दिवस न उघडता जपून ठेवलं होतं. ते तिनं दादाच्या हातात दिलं.

"तूच वाच, बाप्पा. दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं मनच नाई झालं."

दादानं पत्र उघडलं. पाहिलं. जवळ धरलं, लांब धरलं. उजेडाकडे वळवलं. त्याच्या कपाळावर घाम आला.

"हे कोणत्या भाषेत लिहिलं हाय?" त्यानं विचारलं.

सगळे हसले. मास्तर मस्करी करून राह्यले, असं वाटलं त्यांना. मी त्याच्या खांद्यावरून पाहिलं. साधं मराठी होतं, ठळक अक्षरात. "आईस साष्टांग नमस्कार." मी ते पत्र त्याच्या हातातून घेतलं आणि वाचून दाखवलं. दादा माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर जे आलं, ते दवाखान्यात बेशुद्ध असतानाही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी पाटी आणली. "दादा, तुहं नाव लिह्य." त्यानं लिहिलं. वळणदार, शाळेच्या भिंतीवर सुविचार लिहायचा त्याच अक्षरात, देविदास. मग गावाचं नाव, मायचं नाव, माझं नाव. एकही काना चुकला नाही. मी आनंदानं टाळ्या वाजवायच्या बेतात होते. मी पाटी एकदा मागं घेतली आणि परत त्याच्यासमोर धरली.

"वाच आता."

तो पाहत राहिला. स्वतःच्या हातानं आत्ताच लिहिलेलं. त्याला एक अक्षर ओळखू आलं नाही.

यवतमाळच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं. डोळे चांगले आहेत, बुद्धी चांगली आहे. डोक्याच्या मागे जिथं अक्षरांची ओळख राहते, तेवढ्याच जागी मार बसला. कदाचित हळूहळू परत येईल, कदाचित नाही. माय म्हणाली, "एवढं सगळं ठेवलं, अन् तेवढंच कायले नेलं?"  

मी त्याला शिकवू लागले. रोज दुपारी, माय कामाला गेल्यावर. माझ्या परीक्षेचं पुस्तक बाजूला ठेवून मी त्याच्यापुढे पाटी धरी. क. हे क. कमळाचं क. तो निमूट बसे, तांड्यावरच्या लहान पोरांसारखा. एकदा चुकून मला कळलं की बोटानं अक्षर गिरवलं तर त्याला ओळखू येतं. डोळ्यांना जे कळत नव्हतं ते बोटाला कळत होतं. त्या दिवशी आम्ही दोघंही रडलो. वाटलं, आता रस्ता सापडला. मग बरेच महिने तो एकेका अक्षरावर बोट फिरवून वाचत असे. एका ओळीला इतका वेळ लागे की शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असे. परत पहिल्यापासून. पेपराच्या शाईनं त्याचं बोट काळं होई. एके दिवशी त्यानं पेपराची घडी घातली, चुलीजवळ ठेवली आणि म्हणाला, "कौसे, बस झालं आता. मले थकून गेल्यावानी वाटते."

मी जबरदस्ती केली नाही. आता वाटतं, करायला हवी होती. मग वाटतं, एकदा केली होतीच.

शाळा तपासायला साहेब आले, ते भले माणूस होते. त्यांनी दादाच्या हातात पहिलीचं पुस्तक दिलं आणि स्वतःच खिडकीबाहेर पाहत राहिले. नोकरी गेली. दादाचं ठरलेलं लग्न मोडलं. मुलीकडच्यांनी निरोपही दुसऱ्याच्या तोंडी पाठवला. दादा बायांबरोबर कापूस वेचायला जाऊ लागला. वेचणीत त्याचा हात चालतो, कारण बोंडाला अक्षर नसतं. सायकल सरळ करून आणली होती. ती त्यानं विकू दिली नाही आणि तिच्यावर बसलाही नाही. निंबाखाली आता माणसं जमत नाहीत. पत्रं माझ्याकडे येतात, दाराशी, हळूच, दादा घरात नाही असं पाहून.

एक हरसिंग तेवढा येत राहिला.

पहिल्या रविवारी तो डोक्यावर लाकडाचा भारा घेऊन आला, तेव्हा दादा अजून दवाखान्यातच होता. मायनं भारा सोडला आणि थबकली. जळणाचं लाकूड नव्हतं ते. तासलेलं, तेल पाजलेलं, जुनं सागवान. चाकाचे आरे, मधल्या तुंब्याचे तुकडे. त्यानं बंडी मोडली होती. बैल विकून टाकले होते. माय म्हणाली, "असं काहून केलं रे बाबू? तुही रोजी होती ते." तो म्हणाला, "याडी, मले तिच्याकडं पाह्यवत नव्हतं." मी ते लाकूड अंगणातून घरात नेलं. माझ्या हातांनी.

त्यानंतर सात वर्षं, एक रविवार चुकला नाही. पावसाळ्यात नदीला पूर असला तर सोमवारी येई. लाकडं उतरवून तो दादाच्या शेजारी ओट्यावर बसे. दोघं फारसं बोलत नसत. दादा विचारी, "तांड्यावर कसं काय?" तो सांगे, कुणाला मूल झालं, कुणाच्या बैलाला काय झालं, शाळेच्या छपराचं काय झालं. दादा डोळे मिटून ऐके, जशी माणसं पूर्वी त्याचं ऐकत. जाताना हरसिंग वाकून त्याच्या पायाला हात लावी. दादा पाय मागे घेई. मी दाराआड उभी असे.

मी पुढच्या वर्षी फायनल दिली, पास झाले. काही काळानं मला नोकरी मिळाली ती त्याच तांड्यावर, कारण नदी ओलांडून तिकडे जायला कुणी तयार नव्हतं. लोक म्हणाले, मास्तरची बहीण शोभते. भावाची गादी चालवली. माझ्या कौतुकात दादा सगळ्यात पुढे होता. मी रोज चालत जाते. त्या वळणावरून.

तीन वर्षांपूर्वी मी दादाला सांगितलं. त्याला अपघाताचं काही म्हणजे काही आठवत नाही. सही झालेली आठवते, बाजार आठवतो, पुढे अंधार. आम्ही ओट्यावर तुरी सोलत बसलो होतो. मी सगळं सांगितलं. पाखरं, त्याचं नको म्हणणं, माझी थाप. तो बराच वेळ शेंगा सोलत राहिला.

"मंग मी पाह्यली काय ती पाखरं?" त्यानं विचारलं.

"पाह्यली."

मला ते खरोखर माहीत नाही. त्यानं आणखी एक शेंग सोलली. मग म्हणाला, "हरसिंगले सांगू नको."

"काहून? त्याच्यावर अन्याय होऊन राह्यला, दादा."

"हाव. पण तो येते ना. त्याले खरं समजलं तं तो कायले येईन? अन् तो नाई आला तं माह्याकडं दुसरं कोण येते, कौसे?"

रागावला असता तर बरं झालं असतं. मी गप्प राहिले. आता त्या गप्प राहण्यात त्याचंही नाव लागलं, आणि मला लाज वाटेल असं थोडं हलकं वाटलं.

मागच्या उन्हाळ्यात हरसिंगच्या थोरल्या मुलीचं लग्न झालं, तीच, जी दादाच्या शाळेत होती. त्याची धाकटी सोनी माझ्या वर्गात आहे. शाळा उघडल्यावर ती लग्नाच्या गोष्टी सांगत होती. सगळी बंड्यांतून गेली, बायांनी वाटभर गाणी म्हटली. "अन् बा मागून पायी पायी आला," ती म्हणाली. "एवढ्या उन्हात. थो बंडीत बसतच नाई. त्यानं शपथ घेतली हाय. पायाले फोड आले होते, बाई."

ती सहज सांगत होती. मी तिला जागेवर बसायला सांगितलं आणि फळा पुसत राहिले, पुसलेला फळा पुन्हा पुन्हा.

तरी पावसाळा गेला, तोंड उघडलं नाही. मग हा कापूस फुटला. महिन्यापूर्वीचा रविवार. हरसिंग आला तेव्हा दादा नदीवर आंघोळीला गेला होता. हरसिंगचे केस आता पार पांढरे झाले आहेत, भारा उतरवताना त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागतो. मी त्याला पाणी दिलं. तो प्याला. आणि मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. जसं झालं तसं. दादा रस्ता पाहत होता, मी त्याला पाहू दिलं नाही. बंडी दिसली असती. बाजूनं जायला जागा होती. इतकी वर्षं मी गप्प राहिले. काका, मला माफ करा.

मला वाटलं होतं, तो विश्वास ठेवणार नाही. म्हणेल, बाई, तुमी मन मोठं करून बोलून राह्यल्या. तसं झालं असतं तर मी काय केलं असतं, हेही मी ठरवून ठेवलं होतं. पण त्यानं लगेच विश्वास ठेवला. फुलपात्र खाली ठेवलं. आपल्या पायांकडे पाहिलं.

"बाजूनं जागा होती?" त्यानं विचारलं.

"होती."

"मी रोज तेच आठवत होतो. का जागा ठेवली होती का नाई." तो थांबला. "सात वर्सं, बाई."

"हो."

"रोज तुमी तांड्यावर येत होत्या. माह्या लेकीले शिकवत होत्या."

 तो शिव्या देईल, ओरडेल, तांड्यावर सांगेल, याची मी वाट पाहत होते. त्यानं यातलं काही केलं नाही. डोक्यावरचं मुंडासं सोडलं, झटकलं, पुन्हा बांधलं. लाकडांच्या भाऱ्याकडे एकदा पाहिलं, पण नेला नाही. "राम राम" म्हणाला आणि निघून गेला. दादा यायची वाट त्यानं पाहिली नाही.

तांड्यावर तो मला दिसतो. वाट सोडून बाजूला होतो, मान लववतो. सोनी शाळेत येते. कुणाला काही कळलेलं नाही. तो कुणाला सांगणार नाही, हेही मला आता कळलं आहे, आणि त्याचा मला आधार वाटत नाही.

त्यानंतर चार रविवार गेले. दादा सकाळीच ओट्यावर येऊन बसतो, नदीकडची वाट डाव्या हाताला येईल असा, म्हणजे ती त्याला नीट दिसेल. पहिल्या रविवारी म्हणाला, कापसाचे दिवस आहेत, काम असेल. दुसऱ्या रविवारी म्हणाला, आजारी तर नसेल? तिसऱ्या रविवारी दुपारची भाकर ओट्यावरच मागून घेतली. काल मी भांडी घासत होते. ऊन भिंतीवरून उतरलं तरी तो उठला नव्हता.

"कौसे," त्यानं वाटेवरची नजर न काढता विचारलं, "तू हरसिंगले काही बोलली तं नाई ना?"

मी म्हटलं, "नाई, दादा."